खुर्ची नंतर, आधी गेट

मा. मनुष्यबळ विभाग यांस,
मुक्काम : लहानमोठा प्रत्येक कारखाना, प्रत्येक ऑफिस



पत्रास कारण की, हल्ली तुमच्या कुठल्याही परिषदेत कान दिला की एकच गाऱ्हाणं ऐकू येतं. कंपनीचं धोरण ज्या टेबलावर ठरतं, तिथे आम्हाला खुर्ची नाही. फायनान्सवाले बसतात, मार्केटिंगवाले बसतात, आम्हाला मात्र निर्णय झाल्यावर बोलावतात. तेही बहुधा कुणाला काढायचं असेल तर. गाऱ्हाणं खोटं नाही. माणसांवर चालणाऱ्या धंद्यात माणसांच्या खात्याला सगळ्यात शेवटी विचारावं, यात शहाणपण नाहीच.

मी तुमच्या खात्यातला नाही. टूलरूममध्ये उमेदवारी केली, पुढे प्रॉडक्शनला हयात गेली. तुमच्याशी गाठ पडली ती रजेच्या अर्जापासून वेतन कराराच्या बैठकांपर्यंत, कधी टेबलाच्या या बाजूला बसून, कधी त्या. त्या ओळखीच्या भरवशावर चार गोष्टी स्पष्ट लिहितोय. राग मानू नये.

माणसं हीच आमची खरी ताकद, हे वाक्य तुमच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतं आणि ते खरंही आहे. चाकणला तुम्ही जपानी सीएनसी बसवलंत, तर शेजारचा प्लॉटवाला तेच मशीन त्याच एजंटकडून मागवू शकतो. कच्चा माल दोघांचा एकाच ठिकाणचा, ड्रॉइंग एकाच गिऱ्हाइकाचं, कर्जही एकाच बँकेचं. तरी एकाची ऑर्डर वाढते आणि दुसऱ्याचा माल परत येतो. हिशोब मांडत गेलं की शेवटी उरतात ती माणसं आणि त्यांची एकमेकांबरोबर काम करायची बसलेली घडी. ती कॅटलॉगमध्ये मिळत नाही.

इथवर आपलं एकमत आहे. पुढे मात्र आपलं पटत नाही. ही ताकद वरच्या मजल्यावरच्या बैठकीत घडवायची असते, असं तुम्ही धरून चालता. माझ्या अनुभवात ती गेटवर ठरते. आत कोण येतो, कुणाच्या हाताने येतो, किती दिवसांच्या बोलीवर येतो, आत आल्यावर काय शिकतो आणि डोक्यात काय घेऊन बाहेर पडतो, यावर कंपनीचं पुढच्या दहा वर्षांचं भवितव्य ठरतं. आणि नेमकं हेच गेट तुम्ही गेल्या दोन-तीन दशकांत हळूहळू दुसऱ्याच्या हवाली केलंत.

तुमचा जन्मच गेटवरचा, म्हणून हे जास्त खटकतं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात नोकरी गिरणी देत नसे, जॉबर देत असे. सकाळचा भोंगा व्हायच्या आत गेटवर माणसांचा घोळका जमायचा आणि आज आत कोण जाणार हे जॉबर ठरवायचा. रत्नागिरीकडून, साताऱ्याकडून आलेला माणूस आपल्या गावच्या, आपल्या नात्यातल्या जॉबरचं बोट धरून खात्यात शिरायचा. नोकरी लावून द्यायची दस्तुरी, ती टिकवायची दस्तुरी, गावाहून परत आल्यावर पुन्हा कामावर घ्यायची दस्तुरी. पुष्कळदा राहायची जागा त्याच्या ओळखीची आणि अडीनडीची उधारीही त्याचीच. मालकाला ही व्यवस्था सोयीची होती. हजारो माणसं राबतायत आणि त्यातल्या एकाचंही नाव ठाऊक असायची गरज नाही!

हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला 1929 साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं गेलं. त्याने 1931 च्या अहवालात या दुखण्यावर बोट ठेवलं. भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढून घ्या आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा, अशी शिफारस केली. तीसच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत असे अधिकारी येऊ लागले. 1935 पासून बदली कामगारांची रीतसर नोंद ठेवायची पद्धत सुरू झाली. 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं, आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (टिस). तुमच्या खात्याच्या कित्येक पिढ्या तिथून तयार झाल्या. पुढे 1948 च्या फॅक्टरीज ॲक्टने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला. या लेबर ऑफिसरचे आणि वेल्फेअर ऑफिसरचेच वारस पुढे पर्सनल मॅनेजर झाले, मग एचआर, आणि आता बिझनेस पार्टनर. तुमची मूळ नेमणूक झाली होती ती कंपनी आणि कामगार यांच्यामधला दलाल हटवायला. कंपनीने आपल्या माणसाशी स्वतः व्यवहार करावा, यासाठी तुम्ही आलात.

हे काम धोरणाचं आहे, हे ओळखणारी माणसं आपल्याकडे तुमच्या पाठ्यपुस्तकांच्या आधीपासून होती. जे. आर. डी. टाटांनी 1943 साली लिहिलेलं एक टिपण तुमच्या वर्तुळात प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, की आपल्याकडे तीस हजार यंत्रं असती तर त्यांच्या देखभालीला आपण वेगळं खातं नेमलं असतं. तीस हजार माणसं मात्र आपली आपण सांभाळली जातील असं आपण गृहीत धरलं. ज्या कंपनीबद्दल ते बोलत होते तिने, म्हणजे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याने, आठ तासांची पाळी 1912 मध्येच सुरू केली होती. प्रॉव्हिडंट फंड 1920 मध्ये; देशात त्याचा कायदा 1952 चा. ग्रॅच्युइटी 1937 मध्ये. कायदा 1972 चा. यात चांगुलपणा होताच, पण धंद्याचा हिशोबही होता. जंगल तोडून उभ्या केलेल्या गावात भट्टीवरचा कसबी माणूस टिकवायचा, तर त्याला इथेच म्हातारं व्हायला हरकत नाही असं वाटलं पाहिजे. तरीही तिथे 1920, 1922 आणि 1928 साली संप झालेच. सवलत दिली म्हणजे ऐकून घेतलं असं होत नाही, हा धडाही त्याच गावाने दिला.

आपल्या किर्लोस्करवाडीचं उदाहरण तर अक्षरशः गेटवरचं आहे. 1910 साली कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना मांडला, तेव्हा तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना त्यांनी राखणीला ठेवलं आणि त्यांनी ती राखण इमानाने केली. शाळा अर्धवट सोडलेला मुलगा त्यांच्या हाताखाली कल्पक इंजिनिअर झाला. आज तुमचं सॉफ्टवेअर या सगळ्यांचे अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला टाकेल. लक्ष्मणराव कागद बघत नसत असं नाही. पण कोण काय होऊ शकेल याचा अंदाज बांधणं हे मालकाचं स्वतःचं काम आहे, ते परस्पर उरकायचं नसतं, असं ते वागले.

आणि पुण्याचं टेल्को, आजचं टाटा मोटर्स. सुमंत मुळगावकरांच्या डोक्यातून निघालेल्या या प्रकल्पाची सुरुवात 1966 ची. इथून पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं ते 1977 साली. मधल्या वर्षांत काय चाललं होतं? टूलरूम उभी राहत होती, डाय आणि मशीन टूल बनवायचं कसब येत होतं आणि शाळा संपवलेली, आयटीआयची पोरं प्रशिक्षण केंद्रात फाइल घासत होती. चौकोनी तुकडा काटकोनात आणायचा, गुण्याखाली उजेड दिसता कामा नये. दिसला की पुन्हा घास. गाडीच्या आधी माणसं तयार करायची, हे त्या काळी धोरण म्हणून ठरवलेलं होतं. त्या पोरांतली कित्येक पुढे बाहेर पडली आणि भोसरी-पिंपरीत त्यांनी स्वतःच्या शेड टाकल्या. आज पिंपरी-चिंचवडचा जो पुरवठादारांचा पट्टा आहे, त्यात या शिक्षणाचा वाटा मोठा आहे. एका कंपनीने केलेली माणसांवरची गुंतवणूक अख्ख्या शहराच्या कामी आली. तिथेही 1989 साली शनिवारवाड्यापुढे कामगार उपोषणाला बसले, हे विसरून चालणार नाही. प्रशिक्षण चांगलं असलं तरी संवाद तुटला की पोराबाळांसारखी शिकवलेली माणसंही रस्त्यावर येतात.

परदेशातलं एकच उदाहरण देतो, कारण माणसं हीच ताकद या तुमच्या म्हणण्याला यापेक्षा भक्कम पुरावा मला माहीत नाही. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. दांड्या, भांडणं, तक्रारींचा ढीग आणि खराब गाड्या यासाठी तो बदनाम. 1982 साली तो बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सबरोबर भागीदारीत तोच कारखाना नुम्मी या नावाने सुरू केला. युनियन तीच. माणसंही बहुतेक तीच, बदनाम झालेली. त्यांच्यातल्या अनेकांना तुकड्या-तुकड्यांनी जपानला नेऊन टोयोटाच्या लाइनवर उभं केलं, आणि परत आल्यावर लाइनवरच्या प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी दिली: काही चुकतंय असं वाटलं तर ओढ, लाइन थांबली तरी चालेल, कुणी रागावणार नाही. थोड्याच काळात तिथल्या गाड्या टोयोटाच्या जपानी कारखान्याच्या तोडीला आल्या आणि गैरहजेरी कमालीची घटली. जनरल मोटर्सचे लोक हे सगळं आतून बघत होते. त्यांना दोरीचा, फलकांचा, मांडणीचा फोटो काढता येत होता. पण दोरी ओढणाऱ्याला न रागावणारा फोरमन आपल्या इतर कारखान्यांत नेणं त्यांना वर्षानुवर्षं जमलं नाही. माणसांच्या ताकदीची नक्कल करता येत नाही ती अशी.

आता आपल्या गेटवर या. भोसरीतलं एक वर्कशॉप, नाव सांगत नाही. बेअरिंग बसतं तो बोअर टर्न करायचा, सगळी मोकळीक वीस मायक्रॉनच्या आत. आपल्याकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची. डिसेंबर-जानेवारीत शुक्रवारी पहाटे पहिल्या पाळीला मशीन गार पडलेलं असतं. स्पिंडल आणि स्क्रू तापेपर्यंत माप सरकत राहतं आणि पहिले पंधरा-वीस पीस हमखास बाहेर जातात. तिथे लातूरकडचा एक पोरगा होता. तो शुक्रवारी पाळी सुरू व्हायच्या आधी येऊन मशीन नुसतंच फिरवत ठेवायचा, पहिला पीस मोजून ऑफसेट थोडा मागे घ्यायचा, दहाव्या पीसनंतर पुन्हा मूळ जागी आणायचा. कुणी शिकवलं नव्हतं. मॅन्युअलमध्ये वॉर्म-अपचा परिच्छेद असतो, पण या मशीनला, या थंडीत, या मालाला किती वेळ आणि किती मायक्रॉन, हे त्याने स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं होतं. शंभर पानी वही, कूलंटचे डाग पडलेली.

तुमच्या मस्टरवर तो नव्हता. ठेकेदाराच्या मस्टरवर होता, आणि तिथे त्याच्या नावापुढे लिहिलं होतं : हेल्पर, अकुशल. बिल त्याच दराने लागायचं. सात महिने भरत आले, तसा त्याला ब्रेक दिला गेला. वर्षभरात 240 दिवस भरले तर माणूस कायमपणाचा हक्क सांगू शकतो. म्हणून त्याआधी तारीख तोडायची, हा रिवाज चाकणपासून वाळूजपर्यंत कुणाला नवा नाही. पोरगा दुसऱ्या ठेकेदाराकडे, दुसऱ्या कंपनीत गेला. वही घेऊन गेला, ती त्याचीच होती. पुढचे कित्येक शुक्रवार क्वालिटीवाले डोकं धरून बसले. मशीन कंपनीचा इंजिनिअर बोलावला, टूल बदलून पाहिलं, मटेरियलच्या पुरवठादाराला पत्र गेलं. पोराचं नाव मात्र कुणाच्याच तोंडी आलं नाही, कारण व्यवस्थेच्या लेखी तो तिथे कधी नव्हताच.

यात ठेकेदाराचं वाईट चिंतायचं कारण नाही, तो त्याचा धंदा करतोय. पण गिरणगावचा जॉबर आठवून पहा. माणूस कुणाच्या ओळखीने आत आला, त्याच्या पगारातून काय कापलं गेलं, तो राहतो कुठे, त्याला गावी का जावं लागलं, हे ठेकेदाराला ठाऊक असतं, तुम्हाला नसतं. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा आला तेव्हा ठेकेदारी हा अपवाद असेल, बारमाही कामावर ती बंद करता येईल, अशी कल्पना होती. सरकारच्याच वार्षिक औद्योगिक पाहणीत संघटित कारखान्यांतल्या कामगारांमध्ये कंत्राटी कामगारांचं प्रमाण या शतकाच्या सुरुवातीला साधारण पाचात एक होतं; आता ते पाचात दोन झालंय. ज्याला काढायला तुमची नेमणूक झाली, तो बिलबुक घेऊन परत आला आणि त्याच्या बिलावर सही तुमचीच आहे.

या अनोळखीपणाची किंमत 2020 च्या टाळेबंदीत सगळ्यांनी पाहिली. तुमच्यापैकी अनेकांनी त्या काळात जिवापाड काम केलं. बेड मिळवले, डबे पोचवले, घरच्यांना फोन केले. ते कुणी नाकारणार नाही. पण ते सगळं झालं मस्टरवरच्या माणसांसाठी. हमरस्त्याने पायी निघालेल्यांत आपल्याच लाइनवरचे कितीजण होते, हे सांगता येईल असा कागद बहुतेक कंपन्यांकडे नव्हता. काम पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा कुणाला फोन करायचा, हे ठेकेदाराला विचारावं लागलं.

मानेसरचं नावही घ्यावंच लागेल. 18 जुलै 2012 रोजी मारुती सुझुकीच्या तिथल्या कारखान्यात हिंसाचार झाला, आग लागली, आणि तुमच्या खात्याचे जनरल मॅनेजर अवनीशकुमार देव यांचा त्यात मृत्यू झाला. कारखाना महिनाभर बंद राहिला. 2017 साली न्यायालयाने 31 जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या 13 जणांना जन्मठेप झाली. 117 जण निर्दोष सुटले. त्या कृत्याचं समर्थन कशानेही होणार नाही. पण 2011 पासून तिथे जो तंटा धुमसत होता, त्यात एकाच लाइनवर तेच काम करणाऱ्या कायम आणि कंत्राटी माणसांच्या पगारातली तफावत हा एक धागा होता. घटनेनंतर कंपनीनेच जाहीर केलं, की उत्पादनाच्या कामावर यापुढे ठेकेदारामार्फत माणसं घेणार नाही. तात्पुरती लागली तरी कंपनी स्वतः घेईल. तिथले सगळे प्रश्न त्याने मिटले असं नाही, तात्पुरत्यांच्या मागण्या अजूनही उठतात. पण कोणता दरवाजा आपल्या हातात ठेवायला हवा होता, हे देशातल्या सगळ्यात मोठ्या मोटार कंपनीने मान्य केलं.

आता तुमची बाजू. तुम्ही म्हणाल, गिऱ्हाइकाचं शेड्यूल दर महिन्याला वरखाली होतं, दिवाळीला दुप्पट आणि जूनमध्ये निम्मं. सगळे पर्मनंट ठेवले तर कंपनी बुडेल. शिवाय हे आम्ही ठरवलं नाही, मालकाने ठरवलं. दोन्ही खरं आहे. मी सगळ्यांना पर्मनंट करा म्हणत नाही. मुदतीच्या नोकरीची सोय केंद्राने 2018 साली सगळ्या उद्योगांना खुली केली. माणूस ठराविक मुदतीपुरता घ्या, पण कंपनीच्या मस्टरवर घ्या, त्याच कामाला तोच पगार द्या, आणि पुढच्या हंगामात पहिला फोन त्यालाच करा. मागणी कमीजास्त होते म्हणून माणूस कमीजास्त लागेल, हे समजू शकतो. त्याची ओळख ठेवायची नाही, हे त्यातून निघत नाही.

आणि खरा तोटा पगारातही नाही, तो गप्प बसण्यात आहे. ज्याची तारीख पुढच्या महिन्यात तुटणार आहे, तो पोरगा खराब पीस दाखवायला सुपरवायझरकडे येणार नाही. तो पेटीत खाली सरकवेल. ज्या ट्रेनीला मार्चमध्ये कागद मिळेल की नाही हे ठाऊक नाही, तो फिक्स्चर हलतंय हे सांगून लाइन का थांबवेल? फ्रीमाँटची दोरी इथे बांधून उपयोग नाही, ओढायची हिंमत नोकरीच्या शाश्वतीतून येते. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत वेगळं काही नाही. रेटिंगच्या रांगेत खालची जागा कुणाला तरी द्यायचीच, हे ठरलेलं असलं की प्रोजेक्ट घसरतोय ही बातमी सगळ्यात उशिरा मॅनेजरपर्यंत पोचते. मग नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा करून तुम्ही जाणाऱ्याला अडवता. तो खुर्चीत बसतो, त्याचं डोकं कधीच दुसऱ्या कंपनीत गेलेलं असतं. शेवटच्या दिवशी एक्झिट इंटरव्ह्यूचा फॉर्म मोबाइलवर येतो, त्यात कारणाच्या चौकटीवर खूण केली की झालं. त्याला काय येत होतं आणि ते आता कुणाला येतं, हा रकाना त्यात नसतो.

इतकं सगळं समोर असून ते बैठकीत दिसत का नाही, याचं उत्तर तुमच्या कागदांच्या रचनेत आहे. ठेकेदाराच्या दरात वाचलेला पैसा तुमच्या खात्यात बचत म्हणून दिसतो. त्याने वाढलेलं रिजेक्शन क्वालिटीच्या खात्यात पडतं. परत आलेल्या मालाचा भुर्दंड सेल्सवाले भरतात आणि नव्या पोरांना शिकवण्यात गेलेले सेटरचे तास प्रॉडक्शनमध्ये मुरतात. चार खाती, चार फायली, चार बैठका. हे आकडे एका कागदावर आणायचं काम कुणाचंच नाही, म्हणून मालकाला कंत्राटी माणूस स्वस्त वाटतो. हा कागद करण्याइतकी सगळ्या खात्यांत ये-जा फक्त तुमची आहे. माझ्या मते तुमचं धोरणात्मक मोल म्हणतात ते हेच. बाकी टाउनहॉल, रांगोळी स्पर्धा, महिला दिनाची गुलाबाची फुलं, होऊ द्यात. वाईट काही नाही.

काय करावं हे तुम्हाला शिकवायचा अधिकार मला नाही, पण प्रॉडक्शनचा माणूस म्हणून तीन मागण्या करतो.

पहिली, कारखान्यातली अशी कामं शोधा जी येणारा माणूस गेला तर माल अडेल. ती फार नसतात. मोठ्या शॉपमध्येही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतात. प्रत्येकापुढे लिहा, हे आज कोणाला येतं, शिकणारा दुसरा कोण आहे, आणि पहिला कधी निवृत्त होतोय. लिहिताना मस्टर कुणाचा हे बघू नका. त्या यादीत ठेकेदाराची माणसं निघाली तर दचकू नका, निघतीलच.

दुसरी, त्या यादीतला एकही माणूस दलालामार्फत ठेवू नका. त्याला कंपनीच्या मस्टरवर घ्या, मुदतीवर का होईना, आणि त्याच्या नावापुढचा अकुशल हा शेरा काढा. कसबाचं नाव लिहा, आणि पगार त्या नावाला शोभेल असा लावा.

तिसरी, अप्रेंटिस म्हणून घेतलेल्या पोराला अप्रेंटिससारखं वागवा. 1961 चा कायदा शिकण्यासाठी आहे, स्वस्तात लाइन भरण्यासाठी नाही. वर्षाच्या शेवटी त्याची परीक्षा स्टोअरमधल्या पेट्या उचलण्याची नसावी, मशीन सेट करण्याची असावी. आणि ती घ्यायला लाइनवरचा जुना सेटर बसावा, तुम्ही शेजारी बसा.

हे सगळं एकदम होणार नाही. एक लाइन घ्या, जिथे रिजेक्शन सगळ्यात जास्त आहे ती. ब्रेक देणं तिथे वर्षभर थांबवा आणि दर महिन्याला चारही खात्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहीत जा. बचत झाली नाही तर मालकाला तसं सांगा, निदान खरं काय ते कळेल. झाली तर पुढची लाइन मागा. बहुतेक ठिकाणी ठेक्याचे करार मार्चअखेर नूतनीकरणाला येतात. या वेळी सही करण्याआधी ठेकेदाराकडून माणसांची यादी मागवा, ती घेऊन स्वतः शॉपवर जा, आणि प्रत्येक मशीनपाशी थांबून विचारा की तुला इथे काय काय येतं. उत्तरं लिहून घ्या. सही त्यानंतर करा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
प्रॉडक्शनमधला एक निवृत्त माणूस